इंटरकॉमचा आवाज रेकॉर्डरमध्ये घेणारी केबल: रेझिस्टर किती ओहमचा आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार आसनी विमानाच्या इंटरकॉमवरचं बोलणं आणि रेडिओ, दोन्ही कॅमेऱ्यासोबतच्या रेकॉर्डरमध्ये घ्यायचंय. मागच्या सीटच्या रिकाम्या हेडफोन जॅकमध्ये ६.३५ मिमी ते ३.५ मिमीचा तयार अडॅप्टर लावून पाहिला. रेकॉर्डिंग फाटकं आलं, आणि अडॅप्टर आत असेपर्यंत सगळ्यांच्या उजव्या कानातला आवाज गेला. केबल घरी बनवता येईल का, आणि रेझिस्टर कोणते लावायचे?

बनवता येते, आणि एका संध्याकाळचं काम आहे. पण या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी ती सुटी करू.

रेकॉर्डिंग फाटतं ते पातळीमुळे. हेडफोन जॅकवर नेहमीच्या ऐकण्याच्या आवाजाला अर्धा ते एक व्होल्ट असतो, आवाज वाढवला की त्याच्या कितीतरी वर जातो. विमानाच्या रेडिओचा ऑडिओ आउटपुट बहुधा १०० मिलिवॅट, ५०० ओहममध्ये, असा दिलेला असतो. म्हणजे पूर्ण आवाजाला ७ व्होल्ट. रेकॉर्डरच्या माइक इनपुटची अपेक्षा मात्र पाच-दहा मिलिव्होल्टची. शंभरपट जास्त सिग्नल आत घातल्यावर रेकॉर्डरचा पहिलाच अँप्लिफायर छाटायला लागतो. मग मेनूत लेव्हल कितीही खाली आणा, उपयोग होत नाही, कारण लेव्हलचा कंट्रोल बऱ्याचदा त्या पहिल्या टप्प्यानंतर असतो. फाटलेला आवाज आधीच फाटलेला असतो, तो फक्त हळू ऐकू येतो.

उजवा कान गेला तो प्लगमुळे. इंटरकॉम स्टिरिओ आहे आणि अडॅप्टरचा ६.३५ चा प्लग मोनो, म्हणजे टिप (टोक) आणि लांब स्लीव्ह (मागची नळी) एवढेच दोन भाग असलेला. स्टिरिओ प्लगमध्ये त्यांच्या मध्ये रिंग, म्हणजे एक कडं, असतं. स्टिरिओ जॅकमधली रिंगची पट्टी त्या लांब स्लीव्हवर टेकते आणि उजवा चॅनल सरळ ग्राउंडला जातो. सगळ्या सीटचे जॅक समांतर जोडलेले असतील तर एका जॅकमधला शॉर्ट सगळ्यांना भोवतो. काही इंटरकॉममध्ये शॉर्टपासून संरक्षण असतं, काहींत नसतं. तो अडॅप्टर पुन्हा लावू नका.

यावरूनच या केबलचा एकमेव कडक नियम निघतो: केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीही झालं, वायर तुटली, प्लग धातूवर घासला, रेकॉर्डर जळाला, तरी वैमानिकाच्या कानातल्या आवाजाला त्याचा पत्ता लागता कामा नये. रेकॉर्डिंग चांगलं येणं ही त्यानंतरची गोष्ट.

कोणत्या जॅकला हात लावायचा

विमानाच्या प्रत्येक सीटला दोन जॅक असतात. मोठा ६.३५ मिमीचा हेडफोनचा. त्यात बसणारा प्लग पीजे-०५५ म्हणून ओळखला जातो. धाकटा ५.२३ मिमीचा माइकचा; त्याचा प्लग पीजे-०६८. आपलं काम फक्त मोठ्या जॅकशी आहे. मोठा प्लग धाकट्या जॅकमध्ये शिरतच नाही, त्यामुळे तयार केबल चुकून माइकच्या जॅकमध्ये जाण्याची भीती नाही.

तरीही "माइकच्या लाइनवरून घेतलं तर इंजिनाचा आवाज कमी येईल का" असा विचार मनात येतो, म्हणून स्पष्ट लिहितो: माइकच्या लाइनला हात लावू नका. पीजे-०६८ मध्ये टिप ही प्रेस-टू-टॉकची, म्हणजे बोलण्यासाठी दाबायच्या बटणाची, रिंग माइकच्या सिग्नलची आणि स्लीव्ह ग्राउंडची. टिप स्लीव्हला टेकली की ट्रान्समीटर चालू. घरी केलेल्या जोडात केबलच्या जाळीची (गाभ्याभोवतीच्या ग्राउंडच्या विणीची) एक तार जरी सुटून टिपला लागली, तरी तुमचा रेडिओ प्रसारण करत राहील आणि त्या फ्रिक्वेन्सीवर इतर कोणाला नीट बोलता येणार नाही. शिवाय रिंगवर माइकसाठी साधारण ८ ते १६ व्होल्टचा डीसी असतो. तो जुन्या कार्बन माइकच्या काळापासून आलेला आहे. आजच्या इलेक्ट्रेट माइकमधला छोटा अँप्लिफायर त्याच डीसीवर चालतो. त्यात अडथळा आला की माइक मंद होतो किंवा बंदच पडतो. आणि माइकच्या लाइनवर रेडिओचं येणारं बोलणं नसतंच, ते फक्त हेडफोनवर असतं. म्हणजे धोका पत्करून निम्मंच संभाषण मिळणार.

सर्किट

चार भाग आहेत, तेही साधे.

विमानाच्या बाजूचा प्लग ६.३५ मिमीचा स्टिरिओ घ्या, टिप-रिंग-स्लीव्हचा. रिंगला काहीही जोडायचं नाही, ती मोकळी. हा प्लग स्टिरिओ विमानात लावला तर उजव्या चॅनलची पट्टी मोकळ्या रिंगवर बसते, शॉर्ट नाही. मोनो विमानात लावला आणि रिंग ग्राउंडला टेकली, तरी तिला जोडलेलंच काही नसल्याने फरक पडत नाही. एकच केबल दोन्हीकडे चालते. बोलणं आणि रेडिओ स्टिरिओ इंटरकॉममध्येही साधारणपणे दोन्ही कानांत सारखेच येतात, त्यामुळे डावा चॅनल पुरतो.

टिपपासून १० किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या पुढच्या टोकापासून स्लीव्हला, म्हणजे ग्राउंडला, १०० ओहमचा रेझिस्टर. हे झालं विभाजक: १०० भागिले १०१००, म्हणजे जवळजवळ शंभरावा भाग, ४० डेसिबलची घट. १ व्होल्टचे १० मिलिव्होल्ट होतात, ७ व्होल्टचे ७०. माइक इनपुटला पहिलं आरामात चालतं, दुसरं लेव्हल कमी ठेवून निभतं.

दोन्ही रेझिस्टरच्या जोडापासून १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि त्यातून ३.५ मिमीच्या प्लगच्या टिपला. रेकॉर्डर स्टिरिओ असेल तर त्या प्लगची टिप आणि रिंग एकमेकांना जोडा, नाहीतर आवाज एकाच कानात येईल. कॅपॅसिटर लागतो कारण माइक इनपुटवर रेकॉर्डर स्वतः दोन-तीन व्होल्टचा डीसी सोडतो, कॉलर माइकसाठी. कॅपॅसिटर नसेल तर तो डीसी १०० ओहममधून ग्राउंडला वाहत राहतो, रेकॉर्डरची बॅटरी फुकट जाते आणि काही यंत्रांत सतत खरखर येते. इनपुट २ किलोओहमचा धरला तर १ मायक्रोफॅरड ८० हर्ट्‌झच्या खालचं कापतो. विमानातलं बोलणं ३०० हर्ट्‌झच्या वरचं, त्यामुळे काही हरवत नाही. खालचा गडगडाट थोडा कमी होतो तो फायदाच.

चौथा भाग १ नॅनोफॅरडचा छोटा सिरॅमिक, ३.५ च्या प्लगच्या अगदी पोटात, टिप आणि स्लीव्हच्या मध्ये. त्याचं काम पुढे येईल.

आता १० किलोओहम कुठे बसवायचा? ६.३५ च्या प्लगच्या कव्हरच्या आत, टिपच्या टॅगला चिकटून. केबलच्या मधोमध नाही, रेकॉर्डरच्या टोकाला तर नाहीच. रेझिस्टर प्लगच्या आत असेल, तर त्यापुढच्या दीड मीटर केबलमध्ये कुठेही शॉर्ट झाला तरी इंटरकॉमला १० किलोओहमच दिसतात. रेझिस्टर दुसऱ्या टोकाला असेल, तर सीटच्या रुळाखाली चेपलेली वायर थेट इंटरकॉमचा आउटपुट शॉर्ट करते. भाग तेच, आवाजही तसाच, पण वरचा नियम एका केबलमध्ये पाळला जातो आणि दुसरीत मोडतो.

१० किलोओहमच का? हेडसेटचा इंपिडन्स, म्हणजे ऑडिओ सिग्नलला होणारा रोध, १५० ते ६०० ओहमच्या दरम्यान असतो. ३०० ओहमच्या हेडसेटला १०.१ किलोओहम समांतर जोडले तर २९१ ओहम होतात. कानाला कळणारच नाही इतका फरक. १ किलोओहम लावला तर थोडा कळू लागतो, आणि १०० किलोओहम लावला तर सिग्नल इतका खाली जातो की रेकॉर्डरची स्वतःची सरसर वर येते.

रेकॉर्डरला खरा लाइन-इन (माइकपेक्षा मोठा सिग्नल घेणारा इनपुट) असेल तर १०० ओहमच्या जागी ४.७ किलोओहम लावा. घट १० डेसिबलच्या आसपास राहते आणि १ व्होल्टचे सुमारे ०.३ व्होल्ट होतात, लाइन-इनला नेमके हवे तेवढे. पर्याय असेल तर लाइन-इनच वापरा. सिग्नल मोठा म्हणजे बाहेरचा गोंगाट तुलनेत लहान. एकाच सॉकेटला मेनूमधून "माइक" किंवा "लाइन" निवडायचं असेल, तर केबल कोणत्या निवडीसाठी आहे ते प्लगवर चिकटवून ठेवा.

सामान

रेझिस्टर पाव वॉटचे मेटल फिल्म, १ टक्क्याचे. ५ व्होल्टला १० किलोओहममध्ये जेमतेम अडीच मिलिवॅट जळतात, मोठे घेण्यात अर्थ नाही. १ मायक्रोफॅरड फिल्मचा घ्या, ५० किंवा ६३ व्होल्टचा. बहुस्तरीय सिरॅमिक आकाराने लहान असतो, पण डीसी असताना कंपनाला किंचित "वाजतो". विमानात कंपन भरपूर आणि आपला सिग्नल १० मिलिव्होल्टचा. इलेक्ट्रोलायटिक चालेल, मात्र त्याची धन बाजू रेकॉर्डरकडे ठेवावी लागते, कारण डीसी तिकडून येतो. फिल्मला उलटसुलट नसतं, तेवढी एक चूक कमी.

केबल एक गाभा आणि विणलेली तांब्याची जाळी असलेली, मऊ माइकची. नुसतं ॲल्युमिनियमचं फॉइल असलेली घेऊ नका, वळून वळून फॉइलला भेगा पडतात. आरजी-१७४ ही २.८ मिमीची पातळ कोॲक्सही चालते, जरा ताठ असते इतकंच. लांबी १ ते १.५ मीटर. सोल्डर ६३/३७ किंवा ६०/४०, रोझिन गाभ्याचं. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स अजिबात नाही. हीट श्रिंक स्लीव्ह तीन मापांत. दोन्ही प्लग धातूच्या कव्हरचे आणि स्क्रूने उघडणारे. ओतीव प्लास्टिकचे नकोत, त्यांच्या आत काही बसवता येत नाही.

जोडकाम

आधी दोन्ही कव्हर, स्प्रिंग आणि हीट श्रिंकचे तुकडे केबलवर ओवा. सगळे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, देऊन झाल्यावर कव्हर टेबलावरच राहिलेलं दिसणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक, आणि मग सगळं उकलावं लागतं.

केबलचं बाहेरचं आवरण १५ मिमी सोला. पातं आवरणाला फक्त टेकवून केबल फिरवा आणि वाकवून तोडा. आरपार दाबलं तर जाळीच्या तारा कापल्या जातात आणि त्या पुढे एकेक करून तुटतात. जाळी टोकाने उकलून एका बाजूला पीळ द्या, मुळाशी अगदी हलकं सोल्डर चढवा. जास्त चढलं तर ते केशाकर्षणाने जाळीत आत ओढलं जातं, तेवढा भाग ताठ होतो आणि नेमका तिथेच तुटतो. गाभा ४ मिमी सोला.

६.३५ चा प्लग एखाद्या रिकाम्या जॅकमध्ये घालून मग त्याला डाग द्या. आतलं इन्सुलेशन उष्णतेने मऊ झालं तरी जॅक टिप आणि स्लीव्हला सरळ रेषेत धरून ठेवतो. नुसत्या पकडीत धरलेल्या प्लगची टिप अर्ध्या मिमीने कलते. डोळ्यांना दिसत नाही, पण जॅकमध्ये मधूनच संपर्क जातो. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, प्रत्येक डागाला दोन-तीन सेकंद. टॅगवर, म्हणजे वायर जोडायच्या पट्टीवर, आधी पातळ सोल्डर चढवून ठेवलं तर एवढा वेळ पुरतो.

१० किलोओहमचे पाय ५ मिमीला कापा. एक पाय टिपच्या टॅगला. दुसऱ्या पायाला केबलचा गाभा आणि १०० ओहमचं एक टोक, तिन्ही एकत्र. १०० ओहमचं दुसरं टोक आणि जाळी स्लीव्हच्या टॅगला. रिंगचा टॅग अर्ध्यावर कापून त्यावर हीट श्रिंक चढवा, नाहीतर तो आत वाकून १० किलोओहमच्या उघड्या पायाला टेकू शकतो. टिपच्या जोडावरही हीट श्रिंक. मग प्लगचे दोन कान केबलच्या बाहेरच्या आवरणावर दाबा, जाळीवर नाही. ओढ आवरणाने घ्यायची, डागाने नाही.

दुसऱ्या टोकाला १ मायक्रोफॅरड ३.५ च्या छोट्या प्लगमध्ये मावत नाही, म्हणून प्लगच्या ३ सेमी आधी तो गाभ्यात सरळ रेषेत बसवा. जाळी त्याच्या शेजारून न्या, मध्ये इन्सुलेशन ठेवा, आणि सगळ्यावर दोन थरांचं हीट श्रिंक. १ नॅनोफॅरड मात्र प्लगच्या आतच, पाय ३ मिमीपेक्षा लांब नकोत.

मीटरने तपासणी

विमानाजवळ नेण्याआधी मल्टिमीटरवर एवढं दिसायला हवं: ६.३५ ची टिप ते स्लीव्ह १०.१ किलोओहम. दोन्ही प्लगच्या स्लीव्ह एकमेकींना अर्ध्या ओहमच्या आत. ३.५ ची टिप ते स्लीव्ह उघडं. मीटर क्षणभर हलून अनंताकडे जाईल, तो कॅपॅसिटर भरला जातो. ६.३५ ची रिंग कशालाही जोडलेली नाही.

१०.१ ऐवजी १० किंवा त्याच्या किंचित खाली आलं तर १०० ओहमचं टोक कुठेतरी ग्राउंडला शॉर्ट असू शकतं. अनंत आलं तर १० किलोओहमचा किंवा १०० ओहमचा डाग सुटलाय; १०० ओहमचा सुटलेला तसाच लावला तर सिग्नल पुरेसा न घटता रेकॉर्डरमध्ये जाईल. शंभरच्या आसपास आलं तर १० किलोओहम बाजूला पडून गाभा थेट टिपला लागलाय. ही केबल विमानात न्यायची नाही.

आता खरी परीक्षा. ३.५ च्या प्लगवर कागदाची क्लिप आडवी धरून टिप, रिंग, स्लीव्ह सगळं एकत्र शॉर्ट करा आणि ६.३५ ची टिप ते स्लीव्ह पुन्हा मोजा. १० किलोओहमच्या खाली काटा सरकता कामा नये. केबल मध्ये दोन-तीन ठिकाणी वाकवा, प्लगजवळ हलवा, आकडा तोच राहिला पाहिजे. उडत असेल तर तो डाग थंड आहे, म्हणजे सोल्डर नीट धरलेलं नाही, पुन्हा करा.

जॅक रिकामा नसेल तर

हेडसेट आणि रेकॉर्डर एकाच जॅकवर हवे असतील तर वाय केबल करा: विमानाकडे ६.३५ चा स्टिरिओ प्लग, हेडसेटसाठी ६.३५ चा स्टिरिओ जॅक, टिप टिपला, रिंग रिंगला, स्लीव्ह स्लीव्हला सरळ. इथे रिंग मोकळी सोडायची नाही, हेडसेटला तिची गरज आहे. १० किलोओहम त्याच प्लगच्या कव्हरमध्ये टिपवरून काढायचा. मोनो हेडसेटचा प्लग या जॅकमध्ये लावला तर पुन्हा उजवा चॅनल शॉर्ट होईल, तो त्या हेडसेटचा प्रश्न आहे.

रिकामा जॅक मागच्या सीटचा असेल तर इंटरकॉमचा मोड पाहा. आयसोलेट लावलं की वैमानिक रेडिओशी एकटा राहतो आणि मागच्यांना रेडिओ ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये नियंत्रकाचं बोलणं अचानक गायब झालं तर केबल उकलण्याआधी तो स्विच पाहा. वाक्याची पहिली अक्षरं कापली जात असतील तर तो इंटरकॉमच्या स्क्वेल्चचा (कोणी बोलत नसताना माइक बंद ठेवणाऱ्या सर्किटचा) दोष, केबलचा नाही. हेडसेटवरच्या गोल बटणाने रेकॉर्डिंगची पातळी बदलत नाही, कारण आपण त्याच्या आधीच सिग्नल घेतलाय. इंटरकॉमच्या बटणाने बदलते.

फोनमध्ये घ्यायचं असेल तर

फोनचा प्लग चार भागांचा. आजच्या फोनमध्ये टिप डावा, पहिली रिंग उजवा, दुसरी रिंग ग्राउंड आणि स्लीव्ह माइक. जुन्या काही फोनमध्ये शेवटचे दोन उलटे असत. सिग्नल स्लीव्हला, जाळी दुसऱ्या रिंगला. पहिले दोन मोकळे.

फोन माइक ओळखतो तो डीसी रोधावरून. अँड्रॉइडच्या हेडसेटच्या नियमांत माइकचा रोध १००० ओहम किंवा जास्त अपेक्षित आहे आणि ६८० ओहमपर्यंतचे निरनिराळे टप्पे बटणांसाठी राखीव आहेत. आपल्या केबलमध्ये कॅपॅसिटरमुळे डीसी रोध अनंत, म्हणून फोन माइक लागलाच नाही असं समजतो आणि स्वतःच्या माइकने केबिनचा आवाज घेतो. उपाय: कॅपॅसिटरच्या पुढे, फोनच्या बाजूला, माइक आणि ग्राउंडमध्ये २.२ किलोओहम. कॅपॅसिटर काढून टाकणं हा उपाय नाही. मग १०० ओहम थेट दिसतो आणि तो बटणांच्या टप्प्यात जातो. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जीएसएमची ती ओळखीची तडतड रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

आवाजात भेसळ आली तर

इथे कान हेच उपकरण. भेसळ कधी येते आणि कशाबरोबर बदलते यावरून मूळ सापडतं.

बारीक शीळ येते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते-उतरते: अल्टरनेटर. जवळजवळ नेहमी रेकॉर्डर किंवा कॅमेरा विमानाच्या चार्जिंग सॉकेटला लावलेला असतो. मग ग्राउंडचे दोन रस्ते होतात, एक केबलच्या जाळीतून, दुसरा चार्जरमधून, आणि त्या वेढ्यात अल्टरनेटरचा तरंग शिरतो. चार्जर काढून रेकॉर्डर स्वतःच्या बॅटरीवर चालवा; शीळ गेली तर निदान पक्कं. शीळ फेऱ्यांबरोबर बदलत नसेल पण चार्जर काढल्यावर जात असेल, तर चार्जरमधल्या स्विचिंग सर्किटचा गोंगाट आहे. एका वेळच्या उड्डाणासाठी वेगळी पॉवर बँक पुरते.

विमानाच्या पॉवरवरच चालवायचं असेल तर ६००:६०० ओहमचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. १०० ओहमच्या दोन टोकांवर त्याची प्राथमिक बाजू, दुय्यम बाजूने १ मायक्रोफॅरडमधून रेकॉर्डर, आणि दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकमेकांना कुठेही जोडायचे नाहीत, धातूच्या डबीतूनसुद्धा नाही. लोक ट्रान्सफॉर्मर घालतात आणि जाळी मात्र आरपार नेतात. मग तो असून नसल्यासारखा.

फक्त प्रेस-टू-टॉक दाबलं की घरघर किंवा फाटका आवाज: ट्रान्समीटरची लहर केबलमध्ये शिरतेय. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवर प्रसारण करतो. १२७ मेगाहर्ट्‌झची पाव तरंगलांबी ५९ सेमी, त्यामुळे साठ सेंटीमीटरची केबल ही नकळत बनवलेली उत्तम अँटेना असते. रेकॉर्डरच्या इनपुटमधला ट्रान्झिस्टर ती लहर डिटेक्ट करतो आणि एएम असल्यामुळे ती थेट ऐकू येते. १ नॅनोफॅरड याचसाठी: १२७ मेगाहर्ट्‌झला तो कागदावर सव्वा ओहमचा, बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ नसल्यासारखा. पाय लांब ठेवले तर पायांचंच इंडक्टन्स त्याला निकामी करतं, म्हणून तो ३ मिमीचा आग्रह. तरी घरघर उरली तर ३.५ च्या प्लगजवळ क्लिप लागणारा फेराइट (रेडिओ लहर अडवणारं चुंबकीय कडं) लावा, मिक्स ४३ चा, आणि केबल त्यातून दोन-तीन वेळा ओवा.

ठरावीक अंतराने टक-टक: स्ट्रोब दिव्याचा पॉवर सप्लाय. स्ट्रोब बंद करून खात्री करा आणि केबल त्याच्या वायरिंगपासून दूर न्या.

सतत सरसर, बोलणं मागे गेलेलं: रेकॉर्डरचा ऑटो लेव्हल. कोणी बोलत नसताना तो पातळी वर ओढतो आणि इंजिन फुगतं. ऑटो बंद करा, जमिनीवर इंजिन चालू असताना सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी लेव्हल लावा आणि उड्डाणात तिला हात लावू नका.

चाचणीचा क्रम: आधी फक्त मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) आणि एव्हिऑनिक्स (रेडिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स) चालू, इंजिन बंद. मग इंजिन आयडलवर, मग रन-अपच्या (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीच्या) फेऱ्यांवर. प्रत्येक टप्प्याला मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. प्लग जमिनीवरच पूर्ण आत ढकला. स्टिरिओ प्लग अर्धवट आत असताना त्याची टिप जॅकच्या रिंगच्या पट्टीला आणि ग्राउंडला एकदम टेकू शकते आणि उजवा चॅनल तेवढ्यापुरता शॉर्ट होतो. १० किलोओहम इथे वाचवत नाही, कारण हा शॉर्ट प्लगच्या धातूतूनच होतो.

केबिनमध्ये आणि पॅनेलच्या मागे

केबल रडर पेडल, स्टिक आणि ट्रिमच्या चाकापासून दूर, सीटच्या बाजूने न्या आणि दर २० सेमीवर बांधा. ३.५ चा प्लग कुलूप नसलेलाच ठेवा, घाईत बाहेर पडताना अडकला तर तो सहज निघाला पाहिजे. रेकॉर्डर, कॅमेरा आणि ट्रान्सफॉर्मर होकायंत्राजवळ नकोत. बसवल्यावर चालू-बंद करून सुई हलते का पाहा.

इथपर्यंतचं सगळं जॅकमध्ये लावून काढता येणाऱ्या केबलबद्दल आहे. तोच सिग्नल पॅनेलच्या मागून कायमचा काढायचा असेल तर ते काम विमान जिथे नोंदलेलं आहे तिथल्या नियमांप्रमाणे अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्यायचं. तिथे वायर टेफ्लॉन किंवा ईटीएफईच्या आवरणाची लागते, पीव्हीसीची नाही, कारण जळताना पीव्हीसीचा धूर घातक असतो. जोडणीही बदलते: दोन गाभ्यांची वायर, सिग्नल आणि परतीचा रस्ता वेगळे, आणि जाळी फक्त इंटरकॉमच्या टोकाला ग्राउंड. विमानाच्या सांगाड्यापासून जॅक वेगळे ठेवणारे इन्सुलेटिंग वॉशर काढू नका. ते गेले की शीळ येते, मग केबल कितीही चांगली असो.

हेलिकॉप्टरला ही केबल बसणार नाही. तिथे बहुधा हेडफोन आणि माइक एकाच यू-१७४ प्लगमध्ये असतात, चार संपर्कांचा, ७.१ मिमीचा. लष्करी जोडणीत कानाचा इंपिडन्सही खूप कमी असतो, म्हणजे जॅकवरचं व्होल्टेजही कमी. तिथे आधी व्होल्टेज मोजा आणि १०० ओहमची किंमत त्यावरून ठरवा. १० किलोओहम तसाच राहील, प्लगच्या आत.